चाकावरचा तळहात

माझ्या उजव्या अंगाला एक चाक आहे, मित्रांनो, आणि त्या चाकाच्या कडेवर एका जागी काळा रंग पार उडून गेला आहे. आतलं लोखंड तिथे चांदीसारखं चकाकतं. तुम्ही म्हणाल, जुन्या शिलाई मशीनचा रंग उडायचाच, त्यात काय नवल? मी जुनी आहे हे खरं. माझे सांधे कुरकुरतात, माझ्या कपाळावरची सोनेरी वेलबुट्टी पुसट झाली आहे. पण त्या जागचा रंग वयाने गेलेला नाही. तिथे एका माणसाचा तळहात टेकायचा. तो माणूस आता नाही. तळहाताची जागा आहे.

मी जन्मले कारखान्यात. लोखंडाचा लालभडक रस साच्यात ओतला, तो थंड झाला, घासूनपुसून त्याला अंग आलं, अंगावर काळा रंग चढला. मला लाकडी टेबलावर बसवलं, खाली लोखंडी पाय दिले, पायांच्या मध्ये जाळीची पाटी दिली. त्या पाटीवर पाऊल दाबलं की पट्टा फिरायचा, पट्ट्याबरोबर चाक, चाकाबरोबर सुई. मी नवी होते तेव्हा माझ्या आवाजाला नुसती एक सळसळ होती. खडखड नंतर आली. ती सगळ्यांनाच येते.

मला विकत घेतलं ते एका शिंप्याने. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. रस्त्याच्या बाजूला उघडणारी त्याची एक खोली होती. पुढे दुकान, मध्ये एक पडदा, पडद्यामागे घर. समोर इस्त्रीवाले काका बसायचे. त्यांच्या इस्त्रीची वाफ आणि माझी खडखड यांचा दिवसभर सवालजवाब चालायचा.

"मास्तर, तुमच्यापेक्षा तुमची मशीनच जास्त बोलते की!" काका रस्त्यापलीकडून ओरडायचे.

"तेल देतो ना तिला वेळेवर," मास्तर म्हणायचे. "तुम्ही तुमच्या इस्त्रीला नुसते चटके देता."

पण मास्तर तसे कमी बोलणारे. दिवसभरात त्यांची ठरलेली पाचसहा वाक्यं असायची. गिऱ्हाईक मापाला उभं राहिलं, की ते अंग आखडून घेतं. मग मास्तर मागून हळूच म्हणत, "हात सैल सोडा. श्वास घ्या. झालं!" आणि ते "झालं" म्हणेपर्यंत टेप छातीभोवती फिरून आलेलाही असे. कच्च्या टिपेचे कपडे घालून बघितले, की ते हमखास विचारत, "काखेत आवळतंय का?" माझ्या टिपेत गाठ आली, तर "दोरा रुसलाय." आणि पडद्यामागच्या बायकोला हाक मारायची असली, की आधी जरासं खाकरायचं आणि मग म्हणायचं, "अगं, ऐकतेस का?"

संध्याकाळ कलली की एखादं गाणं त्यांच्या ओठांवर यायचं. त्यांचं स्वतःचंच. माझ्या तालावर जुळवलेलं:

एक टीप उन्हाची, एक टीप वाऱ्याची,
मधली बारीक टीप माझ्या गुंडीची.

गुंडी म्हणजे त्यांची मुलगी. जन्मली तेव्हा शर्टाच्या गुंडीसारखा वाटोळा चेहरा, म्हणून गुंडी. चालायला लागली तशी ती थेट माझ्या टेबलाखाली येऊन बसली, आणि तीच तिची जागा झाली. माझ्या लोखंडी पायाला पाठ लावायची, ओंजळीत बटणं घ्यायची, आणि फिरणाऱ्या पट्ट्याकडे एकटक पाहायची.

गुंडी बोलत नव्हती.

आधी कुणाला काही वाटलं नाही. मग वाटायला लागलं. मास्तरांची बहीण, म्हणजे गुंडीची आत्या, शेजारच्या गल्लीत राहायची. ती आली की पहिला प्रश्न तोच. "बाप मुका नाही, आई मुकी नाही. ही कुणावर गेली बाई?"

गुंडीची आई पडद्यामागून हाका मारायची. सगळे तिला वहिनी म्हणत, म्हणून मीही म्हणते. कामात बुडालेली बाई ती. तिच्या हाकेला पाच कामं लटकलेली असत. "गुंडी! ए गुंडी! इकडे ये, पाणी पी, चपला कुठे टाकल्यास? ऐकू येत नाही का?" वर माझी खडखड चाललेली. मग वहिनी आवाज चढवायची. आवाज चढला की गुंडी दोन्ही कानांवर हात ठेवायची.

कान तपासून झाले. कान उत्तम होते. डॉक्टरांनी एक शब्द सांगितला, स्वमग्नता, आणि बोलणं शिकवणाऱ्या एका बाईंचं नाव दिलं. वहिनीने तो शब्द घरी आणला आणि कुठे ठेवावा ते न कळून तसाच ठेवून दिला.

मी तिच्या डोक्यावर चालायचे, मित्रांनो, म्हणून मला थोडं कळत होतं. तुम्ही ऐकता तेव्हा तुमचे कान नको ते आवाज बाजूला सारतात आणि हवा तो तेवढा आत घेतात. सुईच्या नेढ्यात एक दोरा जावा तसं. गुंडीच्या नेढ्यात सगळेच दोरे एकदम घुसायचे. इस्त्रीची वाफ, नळाचं टपटपणं, रस्त्यावरच्या गाडीचं चाक, कात्रीची करकर, माझी खडखड, आणि त्यातच आईची हाक. सगळ्यांचा जोर सारखाच. त्या गुंत्यातून आईचा धागा काढून घ्यायला तिला वेळ लागायचा. तो निघतो न निघतो, तोवर दुसरी हाक येऊन पडायची.

हे मास्तरांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना गुंता सोडवायची सवय होती, एवढंच. गुंडीला काही सांगायचं असलं की ते आधी माझ्या चाकावर तळहात ठेवायचे. मी टिपेच्या मध्येच थांबायचे. पट्ट्याची थरथर विरेपर्यंत ते थांबत. मग खाली वाकत. "गुंडी. पाणी?" एवढंच. आणि पुन्हा वाट पाहत, तळहात न उचलता. त्यांच्या हाताची ऊब माझ्या चाकात उतरायची.

"मास्तर, डुलकी लागली काय?" समोरून काका.

"नाही हो. उत्तर रस्त्यात आहे."

आणि ते यायचं. शब्दांनी नव्हे. पण बऱ्याच वेळाने टेबलाखालून एक छोटा हात पेल्यासाठी वर यायचा.

"तुम्ही तिला लाडावून ठेवताय," वहिनी म्हणायची. पण एकदा पडद्याला धरून ती हळूच म्हणाली, "मला बाकी काही नको हो. एकदा आई म्हणू दे. एकदाच." मास्तरांनी माझ्या चाकावरचा हात तेवढा काढला नाही.

मग एके दिवशी मास्तरांच्या छातीत काहीतरी उसवलं. दुपारची वेळ होती. एका शर्टाची बाही माझ्या सुईखाली अर्धी शिवून झाली होती. त्यांना घेऊन गेले, आणि ते परत आले नाहीत. ती बाही तशीच राहिली. माझ्यावर एक चादर पडली. चादरीखाली अंधार, सुईखाली बाही, आणि पायाशी गुंडी. ती मात्र रोज यायची. थांबलेल्या पट्ट्याकडे पाहत बसायची.

शिवण्याचं काम वहिनीलाही येत होतं, आणि पोट कुणाला चुकलंय? एका दुपारी तिने चादर काढली. बाही हलकेच सोडवून बाजूला ठेवली. स्टुलावर बसली, पाटीवर पाऊल ठेवलं. तिच्या पावलाची मला सवय नव्हती आणि तिला माझी. मी अडखळले, दोरा गोळा झाला, टिपेत गाठ बसली.

आणि खालून कुणीतरी खाकरलं.

"दोरा रुसलाय."

वहिनीचं पाऊल जागच्या जागी थिजलं. आवाज बारीक होता, पण चाल त्यांची होती. 'रुसलाय'वर जरासं रेंगाळायचं, शेवटाला हसू लपवायचं, सगळं तसंच्या तसं. तिने आधी दाराकडे पाहिलं. मग पडद्याकडे. सगळ्यात शेवटी खाली पाहिलं. गुंडी ओंजळीतली बटणं मोजल्यासारखी करत बसली होती. तिने मानही वर केली नाही. पुन्हा तेच खाकरणं झालं, आणि मग:

"अगं, ऐकतेस का?"

मित्रांनो, लोखंडाच्या अंगावर काटा येत नाही असं म्हणतात. म्हणणाऱ्यांनी ती दुपार पाहिलेली नाही. वहिनीच्या तोंडून "काय?" असं निघून गेलं, नेहमी पडद्यामागून निघायचं तसं. निघून गेल्यावर तिने स्वतःच्या तोंडावर हात दाबला.

त्या दिवसापासून घर झपाटल्यासारखं झालं. कधी सकाळी, कधी भर दुपारी, पडद्याच्या या अंगाला नाहीतर त्या अंगाला मास्तर बोलायचे. एक बाई ब्लाउजचं कापड टाकून गेली ती घ्यायलाच आली नाही. काका रस्ता ओलांडून आले, वाकून टेबलाखाली पाहिलं आणि म्हणाले, "भुताला कुठे शिवणकाम येतं? आणि आलंच, तर माझ्या दोन पँटींची उंची कमी करायची राहिलीय म्हणावं." तेवढ्यात खालून आलं, "तुम्ही तुमच्या इस्त्रीला नुसते चटके देता." काका हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कामाचं निमित्त सांगून निघून गेले.

आत्या मात्र दारातच उभी राहायची. "वहिनी, हे लक्षण बरं नाही. दादाचा जीव अडकलाय हिच्यात."

"असं नका ना बोलू, वन्सं."

"मग हा आवाज कुणाचा? तूच सांग. जी पोर एक अक्षर बोलली नाही, ती एकदम माझ्या भावासारखी खाकरते?"

वहिनीने त्या बोलणं शिकवणाऱ्या बाईंना बोलावून घेतलं. बाई आल्या त्या गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या नाहीत, जमिनीवर बसल्या, गुंडीच्या उंचीला. किती तरी वेळ नुसतं ऐकत राहिल्या. मग उठून त्यांनी फळीवरच्या कापडाच्या ताग्यावर हात ठेवला.

"हे बघा. काही मुलं एकेक शब्द गोळा करतात आणि जोडतात. ही अख्खा तागाच उचलते. मास्तर बोलले, ते तिने चालीसकट, खाकरण्यासकट उचलून ठेवलं. आता ती तो उलगडतेय. कधी ना कधी ती त्यातून आपल्या मापाचं कापून घेईल. कोणतं वाक्य कुठे ऐकलं, तेव्हा काय चाललं होतं, ते आठवून बघा. तिला काय म्हणायचंय ते तिथेच सापडेल. आणि तिच्याशी बोलताना..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, "ही बंद ठेवा. थोडं बोला. मग थांबा."

वहिनीने एवढंच विचारलं. "म्हणजे ते नाहीत?"

"नाहीत," बाई हळू म्हणाल्या. "त्यांचा आवाज तिच्याकडे आहे. ते नाहीत."

दोनच दिवसांत रस्त्यावर कशाचा तरी मोठा आवाज झाला आणि गुंडी टेबलाखालून धडपडत बाहेर आली. थरथरत होती. वहिनीसमोर उभी राहिली, दोन्ही हात अंगापासून जरासे दूर धरले आणि म्हणाली, "हात सैल सोडा. श्वास घ्या. झालं."

वहिनी पाहत राहिली. मग तिला आठवलं असावं, मास्तर मागून टेप फिरवायचे आणि आखडलेलं माणूस कसं सैल व्हायचं. तिने गुडघे टेकले आणि टेपसारखे आपले दोन्ही हात लेकीभोवती गुंडाळले. गुंडी सैल झाली. अगदी सैल. माझ्या आठवणीत आईच्या मिठीत ती पहिल्यांदाच इतका वेळ राहिली.

इथे गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं. पण माणसाला आठवणीची चटक लागते, मित्रांनो, आणि ती भुकेपेक्षा वाईट.

भीती गेली, आणि तिच्या जागी हाव आली. वहिनी मुद्दाम माझा दोरा सैल सोडायची, गाठ पाडायची आणि कान देऊन बसायची. "दोरा रुसलाय" आलं की डोळे मिटून घ्यायची. गुंडीसमोर हात पसरून उभी राहायची, मिठी द्यायला नव्हे, ते वाक्य घ्यायला. कधी ती खालच्या आवाजात विचारायची, "अहो, शाळेच्या गणवेशाचं काम घेऊ ना?" आणि काही आलं नाही की रुसायची. मी चालू असले की मास्तर लवकर बोलतात असं तिने मनाशी धरलं, म्हणून मी दिवसभर चालायचे. सुईखाली कधीकधी कापडही नसायचं.

आत्याही बदलली. दारात उभी राहणारी आत्या दुपार झाली की येऊन बसायला लागली. "म्हणव ना गं एकदा," ती म्हणायची. "दादा मला हाक मारायचा तसं म्हणव." दार अर्धं लोटलेलं असायचं. खोलीत वहिनी, आत्या, गुंडी, मी. आणि जो नव्हता तो. त्याच्याशीच सगळं बोलणं चालायचं.

बोलणं शिकवणाऱ्या बाई येऊन गेल्या की वहिनी त्यांना पुढचा दिवस द्यायची, आणि तो दिवस आला की त्याच्या पुढचा. मला कारण माहीत होतं. बाई एकदा सहज बोलून गेल्या होत्या, की गुंडीचे स्वतःचे शब्द यायला लागले की ही जुनी वाक्यं हळूहळू तुटतील. तागा कापल्याशिवाय झगा कसा होणार? वहिनीला तागा कापू द्यायचा नव्हता.

मग ती दुपार आली. सकाळपासून गुंडी माझ्या पायाला चिकटून बसली होती, गाल लोखंडाला लावून. माझं चाक फिरत होतं. आणि गुंडी म्हणाली, "काखेत आवळतंय का?"

वहिनीचा चेहरा उजळला. "वन्सं, ऐकलंत? हे तर मी विसरलेच होते! ट्रायलच्या वेळी म्हणायचे ना? गुंडी, परत म्हण. परत म्हण ना, बाळा."

"काखेत आवळतंय का?"

"अगदी तस्संच!" आत्याने पदराने डोळे पुसले. "परत एकदा."

गुंडी परत म्हणाली. पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. पण दर वेळी आवाज बारीक होत गेला, दर वेळी ती माझ्या पायाला जास्त घट्ट चिकटली. तिचा कान माझ्या लोखंडावर होता आणि तो निखाऱ्यासारखा तापला होता. मला कळत होतं. मला तोंड असतं तर मी किंचाळले असते. मला आवाज होता, पण एकच, खडखड. आणि जेवढी मी खडखडले, तेवढी वहिनी जोराने पाय मारत राहिली.

शेवटी आत्या तिला मांडीवर घ्यायला वाकली आणि चटका बसल्यासारखी मागे झाली.

"वहिनी! थांबव ती मशीन! ही तापलीय गं. हा कान बघ, पाणी येतंय कानातून!"

वहिनी उठली. स्टूल आडवं पडलं.

"ही मघापासून सांगतेय," आत्या म्हणाली. ती स्वतःही हुंदक्यांनी हलत होती. "आवळतंय का, आवळतंय का... दुखतंय म्हणून सांगतेय पोर. अंगावर कपडा खुपला की दादा हेच विचारायचा सगळ्यांना. आणि आपण? तू लेकीशी बोलतेस की दादाशी? मी कुणाशी बोलतेय रोज इथे येऊन?"

मी थांबले. पट्टा थरथरत थरथरत निमाला. मग दोघी तिला उचलून धावल्या. रिकाम्या खोलीत मी एकटी. त्या शांततेत मास्तर बोलले नाहीत. मी कान देऊन होते, नाही म्हणत नाही. पण कुणीच बोललं नाही.

कान बरा झाला. तो बरा व्हायला वेळ लागला, आणि त्या दिवसांत गुंडी एक अक्षर बोलली नाही. मास्तरांचंही नाही, स्वतःचंही नाही. टेबलाखालची शांतता एवढी दाट झाली की वहिनीला ती पडद्यामागूनही ऐकू यायची. तिने हात पसरले नाहीत, दोरा सैल सोडला नाही. ती नुसती वाट पाहायची. तिला वाटत होतं, आता ही कधीच बोलणार नाही. मलाही तेच वाटत होतं.

एका सकाळी गणवेशाची शिवण अर्ध्यावर असताना वहिनीने पाऊल थांबवलं आणि माझ्या चाकावर तळहात ठेवला. बरोबर त्या जागी. तिला माहीत नव्हतं, हात आपला आपणच तिथे गेला. तिचा हात लहान होता, जागेच्या कडा मोकळ्याच राहिल्या. पट्ट्याची थरथर विरेपर्यंत ती थांबली. मग वाकली.

"गुंडी. कान दुखतो?"

आणि ती थांबली. इस्त्रीची वाफ झाली. नळ टपटपला. रस्त्यावरून एक गाडी गेली. तिच्या ओठांवर पुन्हा तोच प्रश्न आलेला मी पाहिला, आणि तिने तो गिळला.

"वहिनी, मशीन बिघडली की काय?" काका समोरून ओरडले.

तिने मोकळ्या हाताने त्यांना गप्प राहायची खूण केली. आणि अगदी हळू, स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "उत्तर रस्त्यात आहे."

काकांनी इस्त्री उभी करून ठेवली. वाफही थांबली.

किती वेळ गेला कोण जाणे. मग खालून आलं, "कान... आवळतंय का." आणि थोड्या वेळाने, "नाही."

तागा कापायला सुरुवात झाली होती. एक तुकडा मास्तरांचा, एक तिचा स्वतःचा, मध्ये ओबडधोबड टीप.

बाई पुन्हा यायला लागल्या. वहिनीने आता एकही दिवस पुढे ढकलला नाही. गुंडी मास्तरांचं काही म्हणाली, की ती चाक थांबवायची, त्यामागचं लेकीचं म्हणणं शोधायची आणि लेकीच्या मापाचा एक छोटा शब्द तिला द्यायची. कधी पटकन सापडायचं, कधी दिवसचे दिवस नाही. कधी गुंडी चिडायची, बटणं खोलीभर फेकायची. पण शब्द आले. पाणी आलं. नको आलं. नको फार आलं. "दोरा रुसलाय"चं आधी "दोरा नको" झालं, मग नुसतंच "नको".

आणि जे येत होतं त्याच्या बदल्यात काहीतरी जात होतं. ते खाकरणं कधी गेलं कुणाला कळलंच नाही. एके दिवशी मी ऐकायला गेले तर ते नव्हतं.

एका दुपारी रस्त्यावर पुन्हा तसाच मोठा आवाज झाला. गुंडी बाहेर आली, थरथरत आईसमोर उभी राहिली. वहिनी गुडघ्यांवर बसली आणि थांबली. वहिनीला आणि मला माहीत होतं काय यायचंय. पण आलं ते निराळंच. "मिठी," गुंडी म्हणाली. तिच्या आवाजात. नुसती मिठी.

वहिनीने तिला उचलून घेतलं. किती घट्ट! पण गुंडी खेळायला गेल्यावर ती त्या मोकळ्या जागेत तशीच उभी राहिली, हात अंगापासून जरासे दूर धरून. मापाला उभ्या असलेल्या गिऱ्हाइकासारखी. कुणी श्वास घ्या म्हणालं नाही. कुणी झालं म्हणालं नाही. मग ती माझ्यापाशी आली, माझ्या थंड अंगावर कपाळ टेकलं आणि मास्तर गेले त्या दिवशीही रडली नव्हती एवढी रडली. एकाच माणसाला दोनदा निरोप देणं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

एक मात्र टिकून होतं. आईला हाक मारायची ती मास्तरांसारखीच, "अगं, ऐकतेस का?" वहिनी दर वेळी "काय गं?" म्हणायची. ती हाक बदलायला तिने कधी दुसरा शब्द दिला नाही. मास्तरांचं तेवढं एकच उरलं होतं, आणि ते तिला सोडवत नव्हतं.

मग ती संध्याकाळ आली. ऊन फळीवरून उतरत होतं. मास्तरांची ती अर्धी बाही वहिनीने कपाटातून काढली होती. तिने ती माझ्या सुईखाली घातली, जिथे टीप थांबली होती तिथे. पाऊल पाटीवर ठेवलं. आणि कधीच न गाणारी ती बाई माझ्या तालावर गुणगुणायला लागली. सूर कच्चा होता, मधेच फाटत होता.

"एक टीप उन्हाची, एक टीप वाऱ्याची..."

बाहीची टीप काठापर्यंत आली होती. वहिनीने चाकावर तळहात ठेवला. मी थांबले. पट्टा थांबला. समोर काकांनी न सांगता इस्त्री उभी केली. आम्ही सगळे थांबलो, आणि मास्तर ज्या ओळीवर हळू व्हायचे ती ओळ खोलीत न म्हटलेली राहिली.

टेबलाखाली बटणं खुळखुळली. मग तीही थांबली.

"मधली बारीक टीप," गुंडी म्हणाली. चाल त्यांचीच होती. माझं अंग शहारलं. वहिनीचा हात चाकावर घट्ट झाला. चाल पुढे सरकली, "माझ्या" वर आली, आणि तिथे अडली. पुढचा शब्द ठरलेला होता. तो शब्द म्हणजे तिचंच नाव. तो आला नाही. कुठेतरी आत, सगळ्या दोऱ्यांच्या गुंत्यातून ती एक दोरा शोधत होती. वहिनीने विचारलं नाही. सुचवलं नाही. श्वाससुद्धा घेतला नाही.

"माझ्या आईची," गुंडी म्हणाली.

आवाज अगदी बारीक होता. नव्या दोऱ्यासारखा. आणि तो कुणाचाच नव्हता, तिचा होता.

मित्रांनो, आता दुकानात विजेवर चालणारी मशीन आली आहे. गुंडी शाळेत असते तेव्हा वहिनी तीच चालवते. मी कोपऱ्यात असते, माझ्या टेबलावर चिंध्यांचं गाठोडं आणि रिळांचा डबा. तेल महिनोन्महिने मिळत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मागणं एकच आहे, आणि ते माझ्यासाठी नाही. तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत गुंडीसारखं कुणी असेल. तुम्ही विचाराल आणि ते तुमच्याकडे पाहणारही नाही. तेव्हा हसू नका, ओरडू नका, प्रश्नावर प्रश्न टाकू नका. तुमच्या चाकावर तळहात ठेवा. उत्तर लांबून चालत येतंय. ते दारात पोचायच्या आत दार लावून घेऊ नका.

गुंडी आता एवढी उंच झाली आहे की टेबलाखाली मावत नाही. तरी घर रिकामं असलं की ती माझ्यापाशी येते. मी चालत नसते, तरी माझ्या चाकाच्या त्या चकाकत्या जागी ती तळहात ठेवते आणि मान कलती करून थांबते. काय ऐकते, मला माहीत नाही. मी कधी विचारत नाही. पण त्या वेळी माझं चाक तिच्या हाताखाली हलकेच मागे सरतं, बोलायच्या आधी कुणीतरी खाकरावं, तसं.